काखेत सिलेंडर, हातात दोरी : साइडमाउंटबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पाण्याने भरलेल्या गुहांमधल्या डायव्हिंगवर लिहिलं होतं. त्यात साइडमाउंटवर, म्हणजे सिलेंडर पाठीवर न घेता अंगाच्या बाजूला लावण्याच्या पद्धतीवर, जेमतेम दोन ओळी होत्या, आणि पत्रं-मेसेज आले ते जवळजवळ सगळे त्या दोन ओळींवरच. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम काढलीयत.

प्रश्न : ताई, २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून ती १२ मुलं आणि त्यांचा कोच बाहेर आले तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. त्यांना शोधणारे ब्रिटिश डायव्हर सिलेंडर पाठीवर न घेता अंगाच्या बाजूला लावतात असं वाचलं. माझ्या ओपन वॉटरच्या, म्हणजे उघड्या पाण्यातल्या, ६० डाइव्ह झाल्यात. डायरेक्ट साइडमाउंट केव्ह कोर्सला गेलो तर चालेल का?

उत्तर : ते दोघं, रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन, ज्या परंपरेतून आले ती आधी सांगते, कारण तुमचं अर्धं उत्तर त्यातच आहे. ब्रिटनमधल्या बऱ्याच गुहा कोरड्या आहेत, माणूस चालत, सरपटत आत जातो आणि मध्येच पाण्याने छतापर्यंत भरलेला तुकडा लागतो, त्याला सम्प म्हणतात. वूकी होल गुहेत १९३५ साली असे पहिले प्रयत्न झाले आणि १९४६ मध्ये ग्रॅहम बालकोंब यांनी तिथली केव्ह डायव्हिंग ग्रूप ही संस्था काढली. आता सरपटायचं आणि पाठीवर सिलेंडर, हे जमणार कसं? म्हणून १९६०च्या दशकात तिथल्या लोकांनी सिलेंडर सरळ कमरेच्या पट्ट्याला बाजूने अडकवायला सुरुवात केली. पोहायचं अंतर थोडं आणि पाणी गढूळ, त्यामुळे आपण पाण्यात आडवे सरळ आहोत की पाय खाली लोंबतायत याची फार फिकीर कुणाला नव्हती. पुढे फ्लोरिडात वुडी जॅस्पर, वेस स्कायल्स अशा लोकांनी हीच कल्पना उचलली, पण तिथल्या गुहा पूर्ण पाण्याखाली, लांबच लांब पोहायचं, म्हणून सिलेंडर अंगाला समांतर पाहिजे, आणि त्यातून काखेखालून जाणारी ती बंजीची, म्हणजे ताणली जाणारी, दोरी आली जी सिलेंडरची मान काखेत धरून ठेवते. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार हार्नेस, म्हणजे सिलेंडर अडकवायचा अंगावरचा पट्ट्यांचा साज, बाजारात नव्हताच, जो तो आपापलं शिवून घ्यायचा.

हे सगळं लांबण लावून सांगायचं कारण असं की त्या लोकांना गुहा आधी येत होती, साइडमाउंट नंतर आलं, कारण त्यांना अडलेल्या ठिकाणी पुढे जायचं होतं. आता उलटं झालंय, आधी हार्नेस येतो आणि मग गुहा शोधली जाते. म्हणून तुम्हाला माझं सांगणं, ६० डाइव्हवर साइडमाउंट शिका, जरूर शिका, पण उघड्या पाण्यात, जिथे डोक्यावर छत नाही आणि काही बिनसलं तर वर येता येतं. त्या सेटअपमध्ये तीस-चाळीस डाइव्ह होऊ देत, न बघता हाताला क्लिप सापडायला लागू दे. मग केव्हर्न, म्हणजे गुहेच्या तोंडाशी जिथपर्यंत बाहेरचा उजेड दिसतो तेवढाच भाग. पृष्ठभागापासूनचं एकूण अंतर तिथे मोजून ठरवलेलं असतं, डायव्हिंग शिकवणाऱ्या कुठल्या संस्थेत ४० मीटर तर कुठे ६० मीटर. मग इंट्रो टू केव्ह, एकाच मुख्य दोरीवर सरळ आत आणि सरळ बाहेर, आणि मग फुल केव्ह, ज्यात एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर जाणं, फाटे, उलटसुलट मार्ग हे येतं. हे तिन्ही साइडमाउंटमध्येच केले तरी चालतं, काही जण आधी पाठीवरच्या जोड-सिलेंडरवर करतात आणि मग साइडमाउंटला येतात, दोन्ही बरोबर आहे. सगळं एका दमात, आठ-दहा दिवसांत उरकणारे पण आहेत. मी तसं करू नका म्हणते, दोन पायऱ्यांच्या मध्ये त्या त्या पातळीवर डाइव्ह करायला हव्यात, नाहीतर शिकलेलं अंगात मुरत नाही.

प्रश्न : पाठीचा त्रास आहे, डबल सिलेंडर उचलवत नाहीत. साइडमाउंट सोपं पडतं म्हणे, खरं का?

उत्तर : जमिनीवर हो. एकेक सिलेंडर पाण्यापर्यंत न्यायचा आणि पाण्यातच लावायचा, पाठीला मोठा आराम. पाण्यात मात्र ते सुरुवातीला जास्त कटकटीचं आहे, दोन रेग्युलेटर (ज्यातून तोंडाने श्वास घ्यायचा), दोन प्रेशर गेज (किती हवा उरली ते दाखवणारे), दोन ठिकाणचा हिशेब. पाठीसाठी घेताय तर खुशाल घ्या, पण डॉक्टरांना एकदा विचारून.

प्रश्न : कोर्समध्ये दिवसभर नक्की करतात काय? व्हिडिओत तर सगळे नुसते तरंगताना दिसतात.

उत्तर : ते तरंगणंच सगळ्यात महाग आहे हो! पहिला दिवस बहुतेक कोरडाच जातो. हार्नेस अंगावर चढवायचा, इन्स्ट्रक्टर पट्टे कमी-जास्त करतो, बंजीची लांबी बघतो, सिलेंडरच्या पट्ट्यावरचा बोल्ट स्नॅप, म्हणजे अडकवायचा क्लिप, वर सरकवतो, खाली सरकवतो, आणि तुम्हाला वाटतं की यासाठी पैसे दिले का. पण बंजी दोन इंच ढिली असली की पाण्यात सिलेंडरची मान खाली पडते, व्हॉल्व हाताला लागत नाही, सिलेंडर अंगाखाली लोंबून तळाचा गाळ ओढत जातो, आणि तुमच्यामागचा माणूस आंधळा होतो. ज्या कोर्समध्ये या फिटिंगवर अर्धा दिवस तरी जात नाही तो मला संशयास्पद वाटतो.

मग होज, म्हणजे सिलेंडरपासून रेग्युलेटरपर्यंतची हवेची नळी. उजव्या सिलेंडरला साधारण २.१ मीटरची लांब होज, डाव्याला आखूड, आणि आखूडवाला रेग्युलेटर गळ्यात इलॅस्टिकने बांधलेला. लांब होज का, तर हवा संपलेल्या जोडीदाराला ती द्यायची आणि अरुंद बोळातून एकामागे एक बाहेर निघायचं, शेजारीशेजारी पोहायला तिथे जागाच नसते. साइडमाउंटमध्ये यात एक मेख आहे. पाठीवरच्या जोड-सिलेंडरमध्ये लांब होज कायम तुमच्या तोंडात असते म्हणून देताना प्रश्नच नाही, इथे मात्र तुम्ही आलटून पालटून श्वास घेताय त्यामुळे निम्मा वेळ लांब होजवाला रेग्युलेटर छातीवर क्लिपला लटकलेला असतो. समोरच्याने 'हवा नाही' असा इशारा केला की तो क्लिपवरून ओढून द्यायचा, तोंडात कुठला आहे हे आधी ओळखायचं, आणि हे दोन सेकंदांत. शंभर वेळा केल्याशिवाय हात तिथे जात नाही.

सिलेंडर ॲल्युमिनियमचे असतील तर आणखी एक. नेहमीचा ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलेंडर भरलेला असताना पाण्यात किंचित जड असतो आणि रिकामा होत आला की दोनेक किलोने वर ओढतो, म्हणजे डाइव्हच्या शेवटी त्याची शेपटी वर उचलली जाते आणि तुम्ही पंख फुटल्यासारखे दिसता. म्हणून हवा कमी होत जाईल तसा मागचा क्लिप हार्नेसच्या मागच्या डी-रिंगवरून (कडीवरून) कमरेच्या पुढच्या रिंगवर आणायचा. स्टीलच्या सिलेंडरला हा त्रास नाही पण ते जड, त्यांचं वजन तोलायला वेगळी व्यवस्था लागते. म्हणून एका प्रकारच्या सिलेंडरवर शिकलात आणि दुसरीकडे जाऊन दुसरा प्रकार भाड्याने घेतलात तर सरळ गुहेत शिरू नका, आधी एक डाइव्ह उघड्यावर करा.

त्यानंतर व्हॉल्व. साइडमाउंटचा खरा फायदा मला इथे वाटतो. व्हॉल्व छातीशी, डोळ्यांसमोर. रेग्युलेटर बिघडून हवा भसाभस सुटायला लागली तर कुठला फुटला ते दिसतं, तो बंद करायचा, दुसऱ्यावर जायचं. आणि त्याही पुढे, बिघडलेल्या रेग्युलेटरच्या सिलेंडरमधली हवा वाया घालवायची नाही, व्हॉल्व एका श्वासापुरता उघडायचा, श्वास घ्यायचा, बंद करायचा, परत उघडायचा. याला फेदरिंग म्हणतात. बोटं दुखून येतात पण त्याने माणूस बाहेर येतो.

आणि मग दोरी. गुहेत तोंडापासून आतपर्यंत अखंड गाइडलाइन पाहिजे, तिच्यावर बाहेरची दिशा दाखवणारे बाण, स्वतःच्या खुणेच्या गोल चकत्या, हे सगळं हाताने ओळखता आलं पाहिजे. हे आधी जमिनीवर शिकवतात, झाडाझाडांमध्ये दोरी बांधून डोळे मिटून तिच्यावरून चालायचं, अंगठा आणि बोटाची कडी करून दोरी त्यात धरायची, दुसऱ्या हाताने पुढच्याचा दंड. पुढे ढकललं की चल, दाबलं की थांब, मागे ओढलं की मागे ये. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो. मग तेच पाण्यात दिवे बंद करून, मग हवा शेअर करत दिवे बंद करून, मग दोरी हातातून सुटली असं धरून ती शोधायची. साइडमाउंटवाल्याला या आंधळ्या कामात दोरी आपल्याच बोल्ट स्नॅपमध्ये, सिलेंडरच्या बुडाशी, फिनमध्ये अडकण्याचा धोका जास्त, म्हणून दोरी अंगाच्या कुठल्या बाजूला ठेवायची हे आधी ठरवून घ्यायला शिकवतात.

किक, वळणं, मागे पोहणं हे सगळं आहेच, त्यावर इथे लिहीत नाही, ते पाण्यातच कळतं.

प्रश्न : दोन्ही सिलेंडर वेगवेगळे, मग एक-तृतीयांशचा नियम कसा लावायचा? मी एक पूर्ण संपवून मग दुसऱ्यावर गेलो तर एकूण हवा तेवढीच ना?

उत्तर : एकूण तेवढीच, पण तुम्ही जिवंत बाहेर येणार नाही अशी शक्यता त्यात आहे, म्हणून हे नीट वाचा.

नियम असा की एक-तृतीयांश हवा आत जायला, एक-तृतीयांश बाहेर यायला, एक-तृतीयांश राखीव. समजा दोन्ही सिलेंडर २१० बारने भरलेत (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप). प्रत्येकातून ७० बार वापरायचे आणि दोन्ही १४० वर आले की मागे फिरायचं. आता सगळ्यात आत असताना एक सिलेंडर पूर्ण हातचा गेला असं धरा. दुसऱ्यात १४० आहेत. आत यायला तुम्ही दोन्ही मिळून किती वापरले? ७० आणि ७०, म्हणजे १४०. बरोब्बर पुरतात. आता जोडीदाराची सगळी हवा गेली असं धरा, दोघांना मिळून २८० लागणार, तुमच्याकडे १४० आणि १४०. परत बरोब्बर.

आता तुमच्या पद्धतीने करू. आत जाताना सगळं डाव्यातून घेतलं, डावा ७० वर आला, उजवा २१० वर भरलेला. एकूण २८०, तेवढीच. आणि नेमका उजवा बिघडला. हातात ७० राहिले आणि बाहेर यायला १४० लागतात. निम्म्या वाटेवर हवा संपली.

म्हणूनच दर ३० बारच्या आसपास सिलेंडर बदलत राहायचं, दोघांतला फरक त्याहून वाढू द्यायचा नाही. डाव्यातून ३० वापरले, मग उजव्यातून ६०, परत डाव्यावर, असं. बदलताना दरवेळी गेज बघायचं, तोंडातला रेग्युलेटर काढायच्या आधी दुसरा चालतोय हे तपासायचं, काढलेला क्लिपला लावायचा. हा क्रम रोज इतका घोटायचा की बोलता बोलता होईल.

आणि वरचं गणित बरोब्बर जुळतं असं मी म्हणाले ना, तर तेच माझ्या काळजीचं कारण आहे. बरोब्बर म्हणजे एक बारही जास्तीचा नाही. घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो, गढूळ पाण्यात बाहेर यायला दीडपट वेळ लागतो. फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या गुहांमध्ये पाण्याचा प्रवाह बाहेरच्या दिशेला असतो, तो येताना मदत करतो. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या गुहांमध्ये प्रवाह जवळजवळ नसतो, जितकी आत तितकीच बाहेर. आणि जिथे पाणी गुहेच्या आत ओढलं जातं तिथे तर बाहेर यायला जास्त हवा लागणार हे उघड आहे. म्हणून तृतीयांश ही शेवटची हद्द धरा, नवीन असताना चौथा किंवा सहावा भागच वापरा. मी अजूनही अनोळखी गुहेत सहाव्या भागावर फिरते.

प्रश्न : माझे सिलेंडर ११ लिटरचे, बायकोचे ७ लिटरचे. दोघं २१० बारवर सुरू करतो, दोघं १४० वर वळतो. ठीक ना?

उत्तर : नाही. बार सारखे असले तरी लिटर सारखे नाहीत. तुम्ही आत जाताना वापरली २२ (दोन्ही सिलेंडर मिळून) गुणिले ७०, म्हणजे १५४० लिटर हवा, तुमच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, १४ गुणिले ७०, म्हणजे ९८० लिटर. आत तुमची हवा गेली तर ताईंकडे उरलेत १९६० लिटर, त्यातले ९८० त्यांचे स्वतःचे, तुम्हाला मिळणार ९८०, आणि तुम्हाला लागतात १५४०. म्हणून तुमची मर्यादा पण ९८० लिटर, म्हणजे तुम्ही साधारण ४४ बार वापरून, १६५ च्या आसपास वळायचं. तुमच्याकडे हवा भरपूर शिल्लक दिसेल, तरीही. पाण्याबाहेर बसून हे वहीवर लिहून काढा दरवेळी, दोघांनी, वेगवेगळं, आणि मग आकडे जुळवा.

प्रश्न : मला ज्यांनी डायव्हिंग शिकवलं ते अनुभवी ओपन वॉटर इन्स्ट्रक्टर आहेत, साइडमाउंट इन्स्ट्रक्टरचं कार्डही आहे. ते म्हणतात वेगळ्या केव्ह इन्स्ट्रक्टरची गरज नाही, मीच तुला थोडं आत नेऊन आणतो. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुमचं मत?

उत्तर : जाऊ नका. विश्वास असू दे, पण जाऊ नका.

फ्लोरिडा, मेक्सिकोमध्ये बऱ्याच पाण्याखालच्या गुहांच्या तोंडाशी एक पाटी असते, यमदूताचं चित्र असलेली, यापुढे जाऊ नका असं सांगणारी. त्या पाटीवर लिहिलंय की अशाच गुहांमध्ये ३०० हून जास्त डायव्हर मेले आहेत आणि त्यांच्यात ओपन वॉटरचे स्कूबा इन्स्ट्रक्टरही आहेत. इन्स्ट्रक्टरांचा तो उल्लेख मुद्दाम आहे. तो तुमच्या सरांसाठीच लिहिलाय असं समजा. उघड्या पाण्यातल्या हजार डाइव्ह माणसाला आत्मविश्वास देतात पण गाळ उठल्यावर दोरी कुठे गेली हे शिकवत नाहीत, आणि उघड्या पाण्यात हजार वेळा कामी आलेली सवय, काही झालं की वर जायचं, ती इथे दगडावर डोकं आपटते.

हे नियम असेच नाही आले. अमेरिकन केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी १९७०च्या दशकात गुहांमधले अपघात एकेक करून तपासले आणि तीच तीच कारणं समोर आली, अखंड दोरी नव्हती, बाहेर यायला दोन-तृतीयांश हवा राखली नव्हती, साध्या हवेवर फार खोल गेले. त्यात नंतर प्रशिक्षण नसणं आणि प्रत्येकी तीन दिवे नसणं ही भर पडली. आजच्या प्रत्येक केव्ह कोर्सचा पाया हाच आहे. ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बियरजवळच्या द शाफ्ट नावाच्या विवरात १९७३ साली चार डायव्हर एकाच वेळी मेले, आणि त्याच वर्षी तिथल्या डायव्हर्सनी स्वतःची संस्था उभी केली, परीक्षा लावल्या, कुठल्या पातळीचं कार्ड असेल तर कुठल्या गुहेत उतरायचं हे ठरवलं. अमेरिकेत नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटीचा केव्ह डायव्हिंग विभागही १९७३ चाच.

आता कार्डांबद्दल, कारण गोंधळ इथेच आहे. साइडमाउंट इन्स्ट्रक्टर ही उघड्या पाण्यातली पात्रता आहे. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या मोठ्या संस्थेचा साधा साइडमाउंट कोर्स बघा, त्यात एक बंदिस्त पाण्यातली आणि तीन उघड्या पाण्यातल्या डाइव्ह असतात, उपकरणाची ओळख म्हणून तो ठीक आहे, पण तो शिकवण्याची परवानगी म्हणजे छताखाली नेण्याची परवानगी नव्हे. छताखाली शिकवायला केव्हर्न इन्स्ट्रक्टर, मग इंट्रो, मग फुल केव्ह इन्स्ट्रक्टर अशा वेगळ्या पायऱ्या असतात, आणि साइडमाउंटमध्ये केव्ह शिकवायचं तर त्या इन्स्ट्रक्टरला त्याच सेटअपमध्ये गुहेत उतरण्याचा अनुभव दाखवावा लागतो. उलटही खरं आहे बरं का. एखादा उत्तम केव्ह इन्स्ट्रक्टर आयुष्यभर पाठीवरच्या जोड-सिलेंडरवर डाइव्ह करत आलेला असेल आणि विद्यार्थी मागतात म्हणून परवा साइडमाउंटचं कार्ड काढलं असेल, तर कागदावर सगळं बरोबर असतं.

अशाच एका इन्स्ट्रक्टरकडे मी शिकले. माणूस चांगला, गुहेत अतिशय शांत. पण माझी बंजी ढिली होती हे त्याला चार दिवसांत दिसलं नाही, कारण त्याची स्वतःची पण तशीच होती. पाचव्या दिवशी दिवे बंद करून बाहेर येताना डाव्या सिलेंडरची मान खाली पडली, दोरी तिच्या आणि माझ्या छातीच्या मध्ये शिरली आणि मी अडकले. जोडीदाराने हाताने चाचपत दोरी सोडवली, दोन-तीन मिनिटं गेली असतील, काही झालं नाही. पण रात्री झोप आली नाही. पुढे दुसऱ्या एका बाईंकडे परत पहिल्यापासून शिकले, त्यांनी पाण्यात उतरायच्या आधी माझी बंजी नुसती बघितली आणि कापली. त्या स्वतः त्या सेटअपमध्ये वर्षानुवर्षं गुहांमध्ये उतरत होत्या, त्यांना ते शोधावं लागलं नाही. संस्थेचे नियम दोघांनीही पाळले होते.

म्हणून विचारा. तुम्ही स्वतः साइडमाउंटमध्ये गुहेत किती डाइव्ह केल्यात, कोर्सच्या सोडून, स्वतःसाठी? शेवटची कधी? केव्ह शिकवायची तुमची पात्रता कुठल्या पातळीपर्यंत आहे आणि यावर्षी ती चालू आहे का? ही पात्रता बहुतेक संस्थांत दरवर्षी नूतनीकरण करावी लागते, आणि ती आहे का हे संस्थेला विचारलं की सांगतात. एका वेळी किती विद्यार्थी घेता? केव्हर्नला चारच्या आसपास आणि पुढे तीन किंवा त्याहून कमी असं साधारण असतं, मी तर फुल केव्हला दोनच असावेत म्हणेन. गेल्या वर्षी किती जणांना नापास केलंत? या शेवटच्या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. चांगला शिक्षक याचं उत्तर आनंदाने देतो.

तुमच्या सरांना दुखवायची भीती असेल तर त्यांनाही सोबत चला म्हणा, विद्यार्थी म्हणून. मी असे अनुभवी इन्स्ट्रक्टर केव्हर्न कोर्सला पहिल्या बाकावर बसलेले पाहिलेत आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, गेल्या वर्षी फुल केव्ह केलं, साइडमाउंटमध्येच. मला केव्ह इन्स्ट्रक्टर व्हायचंय. कुठून सुरू करू?

उत्तर : छान वाटलं वाचून. तुझ्यासमोर वाट लांब आहे आणि ती लांब असायलाच हवी.

कागदावरचं आधी सांगते. बहुतेक ठिकाणी आधी उघड्या पाण्यातली इन्स्ट्रक्टरची पात्रता लागते, ज्याला आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ २४८०२ हे मानक आहे. मग फुल केव्ह नंतरच्या, कोर्सबाहेरच्या गुहांमधल्या डाइव्हची एक किमान संख्या, वेगवेगळ्या गुहांमधल्या, ती लॉगबुकात दाखवावी लागते. मग एखाद्या केव्ह इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली पूर्ण कोर्सेसना मदतनीस म्हणून जायचं, मग इन्स्ट्रक्टर ट्रेनरसमोर स्वतः शिकवून दाखवायचं आणि शेवटी मूल्यमापन, जे काही संस्थांत मुद्दाम वेगळ्या माणसाकडून होतं, ज्याने तुला शिकवलं त्यानेच पास करू नये म्हणून. ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, संस्था निवडताना हे बघ. आणि सुरुवात केव्हर्न शिकवण्यापासून होते, फुल केव्ह शिकवायला नंतर.

आता कागदाबाहेरचं. एकाच गुहेत शंभर डाइव्ह करून संख्या भरता येते, पण तू तसं करू नकोस. युकातानमध्ये जा, तिथे २०१८ साली दोन मोठ्या गुहा, साक अक्तुन आणि दोस ओहोस, जोडलेल्या सापडल्या आणि ३४७ किलोमीटरचं पाण्याखालचं जाळं झालं, उथळ, ठिसूळ, चुन्याच्या झुंबरांनी भरलेलं, जिथे फिनचा एक फटका हजारो वर्षांचं काम मोडतो. मग फ्लोरिडात जा जिथे प्रवाह अंगावर येतो आणि दगड धरून पुढे सरकावं लागतं. थंड गढूळ पाण्यातही उतर. तुझा विद्यार्थी जिथे चुकेल तिथे तू आधी गेलेली असली पाहिजेस.

आणि मदतनीस म्हणून जाशील तेव्हा इन्स्ट्रक्टर गुहेत विद्यार्थ्याच्या किती जवळ असतो ते बघ. शिकवताना स्वतःचा हिशेब सांभाळायचा, विद्यार्थ्याचा सांभाळायचा, दिवे बंद असलेल्या विद्यार्थ्याच्या हातापासून वीतभर अंतरावर राहायचं पण त्याला हात लावायचा नाही, आणि कधी लावायचा हे त्या क्षणी ठरवायचं. त्यात विद्यार्थ्याचे बुडबुडे छताला लागून वरची माती खाली पडत असते, सगळं धूसर. आपल्या स्वतःच्या हालचालींवर एक टक्काही लक्ष द्यावं लागत असेल तर ते जमत नाही. आणि हो, अगदी चिंचोळ्या जागांतून एक सिलेंडर काढून पुढे ढकलत जायचं ते काम, ते सध्या विसर, ते फुल केव्हनंतरचं वेगळं प्रशिक्षण आहे आणि विद्यार्थ्यांना तिथे न्यायचं नसतं.

प्रश्न : सुट्टी काढली, पैसे भरले, सगळ्या डाइव्ह केल्या. शेवटी इन्स्ट्रक्टरने कार्ड दिलं नाही, म्हणे दिवे बंद असताना हवा शेअर करण्यात मी अजून तयार नाही, परत या. हे योग्य आहे का? तक्रार करता येईल का?

उत्तर : तुमचा राग मला समजतो, खर्च आणि सुट्टी दोन्ही गेलं. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तक्रारीसारखं मला काही दिसत नाही. पैसे शिकवण्याचे असतात, कार्डाचे नसतात, आणि हे बहुतेक संस्थांच्या नियमांतही असतं की ठरलेल्या सगळ्या डाइव्ह झाल्या तरी कौशल्य दिसलं नाही तर कार्ड द्यायचं नाही. तक्रार कधी करायची, तर ठरलेल्यापेक्षा कमी डाइव्ह करून घेतल्या, जास्त विद्यार्थी नेले, तुमच्या पातळीपलीकडे नेलं, एखादा सराव केलाच नाही आणि झाला म्हणून लिहिलं. तेव्हा जरूर संस्थेकडे लेखी कळवा, त्यासाठी त्यांचा वेगळा विभाग असतो.

तुमच्या बाबतीत त्यांनी नेमकं काय जमलं नाही ते सांगितलंय, ही मोठी गोष्ट आहे. त्यांना एक मेसेज करा, विचारा की हात चुकत होता का क्रम, लांब होज सोडवताना अडकत होती का दोरी सुटत होती. मग घरी जोडीदाराला घेऊन बागेत दोरी बांधा, हार्नेस घाला, होज लावा, डोळ्यांवर पट्टी बांधा आणि रोज अर्धा तास तेवढंच करा. उघड्या पाण्यात डोळे मिटून करा. दोन-तीन महिन्यांनी परत जा, त्यांच्याकडेच जा, दुसरा सोपा इन्स्ट्रक्टर शोधू नका.